द्राक्षबागेतला आठ इंची टॅब्लेट : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

कामाचा आवाका आज कागदावर उतरवला. नाशिक जिल्ह्यातल्या काही द्राक्ष बागाईतदारांना फवारणीची नोंद बागेतच, औषध टाकीत पडल्याबरोबर करता यावी, एवढेच या टॅब्लेटचे काम आहे. निर्यातीच्या द्राक्षांना ही नोंदवही चुकत नाही. कोणते औषध, किती मात्रेत, कोणत्या प्लॉटवर आणि काढणीला किती दिवस उरले असताना मारले, हे रात्री घरी बसून आठवून लिहिले की हिशेबात हमखास घोळ होतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशांमुळे युरोपात आपल्या द्राक्षांची जी अडचण झाली ती या भागात अजून कोणी विसरलेले नाही, त्यामुळे नोंद कशाला हवी असे आम्हाला कोणी विचारले नाही. विचारले ते एवढेच, की बाजारातला दहा हजारांचा टॅब्लेट का चालत नाही.

प्रश्न रास्त आहे. तसे दोन टॅब्लेट त्यांच्याकडे होते आणि ते दोन्ही आम्ही पाहिले: एकाची बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले होते आणि ती चिकटवलेली असल्यामुळे बदलता येत नव्हती, दुसऱ्याच्या चार्जिंगच्या खाचेत हिरवट थर बसला होता. शिवाय हातमोजा घातलेल्या बोटाला दोन्हींचा पडदा दाद देत नव्हता. उन्हापाण्यात टिकणारे मजबूत टॅब्लेट मिळतात, पण ते एका छोट्या गटाच्या आवाक्याबाहेर जातात.

ठरवलेल्या मर्यादा अशा: पडदा आठ इंची, वजन ६०० ग्रॅमच्या आत, सकाळी सहा ते रात्री आठ एकाच चार्जवर, बॅटरी चार स्क्रू काढून बदलता येण्याजोगी, आणि चाचणीचे दहा नग ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपूर्वी (फळ धरण्यासाठीची वेलींची छाटणी) हातात. सुट्या भागांचा खर्च नगामागे १८,००० रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही. आम्ही तिघेच आहोत. सर्किट माझ्याकडे, खोक्याची रचना एका सहकाऱ्यांकडे आणि सॉफ्टवेअर एका सहकारी बाईंकडे.

प्रोसेसरसाठी रास्पबेरी पायचे कॉम्प्युट मॉड्यूल ४ घ्यायचे, यावर पहिल्या तासाभरातच एकमत झाले. ५५ बाय ४० मिलिमीटरचा तुकडा, त्यावर प्रोसेसर, मेमरी आणि वाय-फाय, खाली शंभर पिनांचे दोन कनेक्टर. कागदपत्रे उत्तम आणि सॉफ्टवेअर तयार. इतक्या झटपट एकमत झाले याचाच खरे तर संशय यायला हवा होता.

१९ जून २०२४

हे मॉड्यूल ज्यावर बसते त्या आमच्या मूळ बोर्डाची पहिली आवृत्ती आली आणि चालूही झाली, फक्त दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या चांगल्या केबलवर ती चार्ज होईना. कारण शोधायला दुपार गेली, आणि सापडल्यावर ते कोणाला सांगावेसे वाटेना. यूएसबी-सीच्या दोन सीसी पिनांना (यांवरून चार्जरला समोरचे यंत्र ओळखता येते) ५.१ किलोओमचा स्वतंत्र रोधक लावावा लागतो. मी जागा वाचवण्यासाठी दोन्हींत मिळून एकच लावला होता. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीत नेमकी हीच चूक झाली होती, ती मी वाचलेली होती, आणि तरीही केली. साध्या केबलवर चालते आणि आत ओळखचिप असलेल्या केबलवर चार्जरला ते हेडफोन वाटते, त्यामुळे चूक चाचणीत सहज निसटते.

वीजवापर मोजला. पडदा बंद, वाय-फाय बंद, प्रोसेसर सर्वांत कमी वेगावर, तरी बॅटरीतून १.७ वॅट जातात. यातला काही भाग माझ्या रूपांतरकाचा आहे, कारण एका लिथियम सेलचे ३.७ व्होल्ट वाढवून मॉड्यूलला ५ व्होल्ट द्यावे लागतात आणि त्या चढणीवर दहा टक्क्यांच्या आसपास वीज उष्णतेत जाते. उरलेला वापर मॉड्यूलचाच आहे. मेमरी जागी ठेवून बाकी सगळे झोपवण्याची सोय त्यात नाही. ते एक तर चालू असते किंवा बंद असते.

हा आकडा फलकावर लिहून ठेवला, पण त्याचे काय करायचे यावर आज बोलणे झाले नाही.

२७ जून २०२४

आज दिवसभर निफाडकडच्या एका बागेत बसलो. आमचे यंत्र बाजूला ठेवून बागाईतदार काकांच्या हातातली नोंदवही दिवसात किती वेळा उघडते ते मोजले. चौदा वेळा उघडली, आणि दर वेळी तीन-चार मिनिटांपेक्षा अधिक काळ नाही. म्हणजे चौदा तासांच्या दिवसात प्रत्यक्ष वापर एका तासाचा; उरलेले तेरा तास ती वही ट्रॅक्टरच्या खोक्यात, शेडमधल्या खुंटीवर किंवा काखेत असते.

दुपारी आमचा बोर्ड काकांच्या हातात दिला. वीज वाचावी म्हणून काम नसताना तो पूर्ण बंद करायचा आणि लागेल तेव्हा सुरू करायचा, असा आमचा बेत होता. कळ दाबल्यापासून नोंदीचा पडदा येईपर्यंत २६ सेकंद लागतात, आणि टेबलावर ते आम्हाला चांगले वाटले होते. काकांनी कळ दाबली, पडद्याकडे पाहिले, ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) टाकीकडे पाहिले, मग खिशातले पेन काढून डाव्या तळहातावर मात्रा लिहिली आणि टॅब्लेट माझ्याकडे परत देत म्हणाले, “साहेब, तुमचं यंत्र जागं होईपर्यंत माझी टाकी भरून होते.” त्यात टोमणा नव्हता. त्यांनी मोजमाप सांगितले होते.

रात्री हिशेब मांडला. वापराचा एक तास ५.२ वॅटने, म्हणजे ५.२ वॅट-तास, आणि तेरा तास नुसते बसून १.७ वॅटने, म्हणजे २२.१ वॅट-तास. एकूण २७.३. त्यातही रात्री टॅब्लेट पूर्ण बंद ठेवायचा हे गृहीत आहे. बॅटरीचा ८५ टक्केच भाग वापरायचा ठरवला, तर ३२ वॅट-तासांची बॅटरी लागते, ३.७ व्होल्टला हे ८,७०० मिलीॲम्पिअर-तास होतात. आमच्याकडचा ५,००० चा सेल ९२ ग्रॅमचा आहे, म्हणजे तसे दोन घालावे लागतील, खोका जाड होईल आणि वजनाची मर्यादा तिथेच ओलांडली जाईल. एवढे करून पाचपैकी चार भाग वीज कोणीही न पाहणाऱ्या यंत्रावर खर्च होणार आहे.

आतापर्यंतच्या बैठकांत आम्ही प्रोसेसरचा वेग, पडद्याची चमक आणि मेमरी यांवरच वाद घातला. टॅब्लेट झोपेत किती खातो हा प्रश्न आमच्या यादीतच नव्हता.

४ जुलै २०२४

मॉड्यूल बदलायचे की नाही यावर दिवसभर बैठक झाली, आणि ती फारशी सौम्य नव्हती.

मी रॉकचिपच्या आरके३५६६ चा प्रस्ताव ठेवला. चार कॉर्टेक्स-ए५५ गाभे आहेत, म्हणजे कॉम्प्युट मॉड्यूल ४ च्या ए७२ गाभ्यांपेक्षा तो स्पष्टपणे मंद आहे. पण तो टॅब्लेट डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलेला आहे. मेमरी जागी ठेवून झोपणे त्याला जमते, आणि त्याच्या जोडीचा आरके८१७ हा वीजव्यवस्थापक एका लिथियम सेलवर थेट चालतो. चार्जर, बॅटरीत आलेली-गेलेली वीज मोजणारा मापक आणि ध्वनीचा भाग त्याच चिपमध्ये असल्यामुळे माझ्या बोर्डावरच्या तीन चिपा आणि ती ५ व्होल्टची चढण दोन्ही जातात.

सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या बाईंचा विरोध ठाम होता आणि तो मला आजही चुकीचा वाटत नाही. कॉम्प्युट मॉड्यूलसाठी लिहिलेले सगळे चालते आहे, अडल्यास उत्तर शोधायला जागा आहे. इथे मात्र चिप बनवणाऱ्यांच्या जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) राहायचे की मुख्य प्रवाहातला कर्नल घेऊन उणिवा स्वतः भरायच्या, असा पेच पहिल्याच दिवशी येतो. त्यांनी पाइनटॅब २ चे उदाहरण दिले. हाच प्रोसेसर असलेला तो लिनक्स टॅब्लेट २०२३ मध्ये लोकांच्या हाती पडला तेव्हा त्यातल्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारे सॉफ्टवेअर, तयार नव्हता. “तुम्ही बॅटरीचे नव्वद ग्रॅम वाचवणार आणि ते माझ्या दोन महिन्यांत टाकणार,” असे त्या म्हणाल्या, आणि देवघेवीचा इतका नेमका हिशेब त्या दिवशी दुसऱ्या कोणी मांडला नाही.

खोक्याच्या सहकाऱ्यांनी तिसरी वाट सुचवली: कॉम्प्युट मॉड्यूलच ठेवावे, ते पूर्ण बंद करावे, आणि एका लहान सूक्ष्मनियंत्रकाला (मायक्रोकंट्रोलरला) छोटा पडदा व चार कळा देऊन घाईची नोंद त्याच्याकडे करून घ्यावी. कल्पना चतुर आहे आणि विजेच्या दृष्टीने सर्वांत काटकसरीची आहे, पण मग एका खोक्यात दोन संगणक, दोन सॉफ्टवेअर आणि त्यांच्यात नोंदींची देवाणघेवाण आली. तिघांच्या गटाला ते पेलणार नाही असे माझे मत पडले.

शेवटी तडजोड झाली ती अशी: आरके३५६६ घ्यायचा, वाय-फायसाठी मात्र ज्याचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आधीपासून आहे असाच वेगळा तुकडा घ्यायचा, मग तो थोडा महाग आणि मोठा असला तरी चालेल, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झोपेतला वापर ०.१५ वॅटखाली आला नाही तर निमूटपणे कॉम्प्युट मॉड्यूल आणि दोन सेलांकडे परतायचे. ही शेवटची अट बाईंनी घातली आणि माझ्या सहीसह फलकावर लिहून घेतली.

१६ जुलै २०२४

पडदा. यावर प्रत्येकाचे मत असते, कारण तो प्रत्येकाला दिसतो.

सहकाऱ्यांनी कपाटातून एक जुना आकाश-२, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीचा सरकारी स्वस्त टॅब्लेट, काढून आणला होता. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत जाहीर झालेल्या पहिल्या आकाशला ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि दाबाने चालणारा सात इंची पडदा होता. पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली आलेल्या आवृत्तीत एक गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी आणि बोटाच्या विद्युतधारितेवर चालणारा पडदा आला. हातात घेतल्यावर जाणवते, की तिथे किंमत आधी ठरली आणि बाकी सगळे तिच्यामागून गेले. आमची १८,००० ची रेघही त्याच जातीची आहे, फक्त जरा सैल.

दाबाच्या पडद्याचा विचार आम्हीही केला, कारण त्याला हातमोजा, काडी, नख काहीही चालते. पण त्याचा वरचा थर लवचीक प्लॅस्टिकचा असतो. त्यातून उजेड कमी येतो आणि मातीच्या बोटांनी तो महिन्याभरात ओरखडतो. ई-इंकचाही, म्हणजे ई-पुस्तक वाचकांतल्या कागदासारख्या पडद्याचाही, प्रस्ताव आला. उन्हात त्याच्याइतके स्वच्छ काही दिसत नाही आणि स्थिर चित्राला वीज लागत नाही, पण रोग डावणी की भुरी हे दाखवणारे पानाचे रंगीत छायाचित्र त्यावर कामाचे नाही, आणि पडद्याची काच फार नाजूक असते. दोन्ही बाजूला ठेवले.

राहिला नेहमीचा एलसीडी, आणि प्रश्न चमकेचा (ती निटमध्ये मोजतात): ४५० निटचा घ्यायचा की १,००० निटचा? आमच्याकडच्या नमुन्यांत पहिल्याचा मागचा दिवा पूर्ण उजेडावर २.३ वॅट घेतो आणि दुसऱ्याचा ५.४. बॅटरीच्या नावाने मी १,००० निटला विरोध करायला उभा राहिलो आणि माझ्याच हिशेबाने मला खाली बसवले. यंत्र खरोखर झोपू लागले तर वापराचा तास दिवसातून एकच आहे. त्या तासात तीन वॅट जास्त गेल्याने दिवसाच्या खात्यात तीनच वॅट-तास वाढतात.

मग वाद परावर्तनाकडे वळला. काच आणि हवा जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठावरून साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. वरची काच आणि एलसीडी यांच्यात हवेची फट असेल तर अशी तीन पृष्ठे होतात, म्हणजे बारा टक्के. फटीत पारदर्शक चिकट थर भरला, ज्याला सगळे ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात, तर एकच मोठे परावर्तन उरते. उघड्या आकाशाची तेजस्विता ५,००० निट धरली, तर फट असलेल्या पडद्यावर आकाशाचे ६०० निट परत येतात आणि फट भरलेल्यावर २००. पांढऱ्या-काळ्यातले गुणोत्तर काढले: फटीसह १,००० निटचा पडदा (१,००० + ६००) भागिले ६००, म्हणजे २.७, फट भरलेला ४५० निटचा (४५० + २००) भागिले २००, म्हणजे ३.२. अर्ध्याहून कमी दिव्याचा पडदा अधिक वाचनीय ठरतो, तापतोही कमी.

यावर खोक्याच्या सहकाऱ्यांनी जो आक्षेप घेतला त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. फट भरली की काच आणि एलसीडी एकच वस्तू होते. टॅब्लेट पडून वरची काच तडकली तर आज तीनशे रुपयांची काच बदलते तिथे उद्या चार हजारांचा संपूर्ण पडदा बदलावा लागेल. दुरुस्त करता येईल असा टॅब्लेट करायला निघालो आणि त्यातला सर्वांत फुटणारा भागच दुरुस्तीपलीकडे नेला, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. निर्णय बागेतल्या मोजणीनंतर.

२२ जुलै २०२४

ऐन आषाढात ऊन मिळवणे हे वेगळेच काम आहे. आज दुपारी अर्धा तास उघडले तेवढ्यात मांडवाखाली प्रकाश मोजला: बाहेर ९०,००० लक्सच्या वर असताना वेलीखाली फक्त ७,००० ते १२,०००. फट असलेला ४५० निटचा साधा पडदाही तिथे अडचण न येता वाचता आला. सहकारी खूश झाले; फट न भरताच प्रश्न मिटला असे आम्ही तिघेही समजलो.

परत निघताना काकांनी सहज विचारले, की छाटणीनंतर कसे करणार? एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढलेला हा पाला ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला काढून टाकला जातो. मग मांडवावर नुसत्या काड्या राहतात, आणि फवारण्यांची सर्वांत मोठी गर्दी नेमकी त्यापुढच्या दीड-दोन महिन्यांत असते. म्हणजे ज्या दिवसांत नोंदवही सर्वाधिक उघडणार, त्याच दिवसांत डोक्यावर सावली नसणार. जुलैची मोजणी ऑक्टोबरच्या यंत्राला लावत होतो.

फट भरलेला ४५० निटचा पडदा घेण्याचे ठरले. काच फुटण्यावर उपाय म्हणून खोक्याची कड पडद्याच्या पातळीपेक्षा दीड मिलिमीटर वर काढायची आणि चार कोपऱ्यांना रबराचे गोळे द्यायचे. वजन २६ ग्रॅमनी वाढले.

५ ऑगस्ट २०२४

आरके३५६६ चा बोर्ड झोपतो. पहिल्या मोजणीत मात्र ०.४१ वॅट आले आणि बाईंनी फलकावरच्या माझ्या सहीकडे न बोलता बोट दाखवले.

चार दिवस एकेक तार उचकटून पाहिली. प्रोसेसर झोपला होता, शेजारी जागे होते. वाय-फायचा तुकडा झोपेतही जोडणी धरून होता, तो एकटाच ०.१९ वॅट खात होता. ध्वनीच्या प्रवर्धकाला कोणी बंद हो असे सांगितलेच नव्हते, ०.०५. मागच्या दिव्याच्या चालकाची पिन मी बोर्डावर लोंबकळती सोडली होती, त्यामुळे दिवा विझूनही त्याचे रूपांतरक चालू राहत होते, आणखी ०.०५. स्पर्श ओळखणारी चिप दर काही मिलीसेकंदांनी पडदा चाचपत बसली होती, ०.०३. हे चारही मिटवल्यावर ०.०९ वॅट उरले.

आता हिशेब असा: वापराचा एक तास ४.३ वॅटने आणि तेवीस तास ०.०९ ने, म्हणजे रात्र धरूनही दिवसाला ६.४ वॅट-तास. ५,००० चा एकच सेल १८.५ वॅट-तासांचा आहे. ८५ टक्केच वापरला तरी दोन दिवस सहज निघतात. कळ दाबल्यापासून नोंदीचा पडदा येण्यास सव्वा सेकंद लागतो. मंद प्रोसेसरचा हा टॅब्लेट हातात वेगवान वाटतो, दीड सेकंदाच्या जागी दोन लागले तर कोणी विचारत नाही, २६ मधले २५ वाचले की मात्र लगेच जाणवतात.

१७ ऑगस्ट २०२४

मोजे आणि पाणी. जीटी९११ या स्पर्श-चिपची संवेदनशीलता वाढवली की पातळ नायट्राइल मोज्यातले बोट कळते, पण मग पाण्याचा थेंबही बोट वाटतो. कमी केली की थेंब शांत होतो आणि मोजाही. मधला बिंदू शोधत दोन दिवस घालवले. तो सापडला नाही, आणि असा बिंदू नाहीच असे आता मला वाटते. म्हणून उजव्या कडेला मोज्यातूनही चाचपता येतील अशा चार ठसठशीत कळा दिल्या: वर, खाली, होय, परत. नेहमीची औषधे आणि नेहमीचे प्लॉट यांची नोंद त्यांच्यावर पूर्ण होते, आणि पडद्याला बोट फक्त नव्या नावासाठी लावावे लागते. कळांसाठी खोक्याला चार भोके पडली, त्या प्रत्येकाला रबराची टोपी आली. सहकाऱ्यांनी हे नाराजीने मान्य केले.

त्याहून विचित्र प्रकार संध्याकाळी पाहिला. टॅब्लेट टेबलावर चार्जिंगला होता, कोणी हात लावलेला नव्हता, आणि मात्रेच्या रकान्यात आपोआप ७ उमटला, मग आणखी एक ७, मग आणखी एक. फवारणीच्या नोंदवहीत मात्रा स्वतःहून लिहिली जाणे यापेक्षा वाईट दोष मला सुचत नाही. चार्जर काढला की थांबे. दुसरा लावला की काही नाही. पहिला लावला की पुन्हा सुरू. एका हाताने केबलचे धातूचे टोक धरून ठेवले तरीही थांबे. त्यावरून उलगडा झाला: स्वस्त चार्जरमध्ये विजेच्या उच्च आणि नीच बाजूंना सांधणाऱ्या धारित्रातून येणारा गोंगाट संपूर्ण टॅब्लेटला जमिनीच्या संदर्भात वरखाली हलवतो. पडद्याच्या दृष्टीने टॅब्लेट स्थिर आहे आणि हवेतले काहीतरी हलते आहे, म्हणजे बोट. चार्जर निवडणे आमच्या हातात नाही. शेडमध्ये जो असेल तो लावला जाईल. म्हणून चार्जिंग चालू असताना अंकांचे रकाने पडद्यावरून बदलताच येणार नाहीत, फक्त कळांनी येतील, असे ठरवले. सोयीला थोडा फटका आहे, पण मात्रेपुढे सोयीची मातब्बरी नाही.

३० ऑगस्ट २०२४

पहिला खोका बागेत तीन आठवडे राहून परत आला. या दिवसांत बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवारण्या चालू असतात. झाकणाचे जस्तमुलाम्याचे पोलादी स्क्रू काढले तर दोन स्क्रूंच्या डोक्यांवर गुलाबीसर तांबडा थर होता, नखाने खरवडला की भुकटी होणारा. लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या द्रावणात बुडवून ठेवण्याचा शाळेतला प्रयोग, तो इथे आम्ही विकत घेतलेल्या स्क्रूंवर झाला होता: जस्त विरघळले, तांबे बसले. आता सगळे स्क्रू ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचे.

यूएसबी-सीच्या खाचेवरची रबरी पट्टी तीन आठवड्यांत तुटून हरवली होती, हे अपेक्षितच होते. पट्टी आता खोक्यातल्या खाचेत अडकवली आहे आणि तिचे सुटे भाग पाकिटात दिले आहेत. चुंबकी चार्जिंगचा विषय निघाला, पण उघड्या टोकांवर ओल असताना व्होल्टेज राहणे मला पसंत नाही, फेटाळला.

९ सप्टेंबर २०२४

गणपतीच्या गडबडीत दोन दिवस गेले. आज उष्णतेचे काम.

काळा खोका आणि पांढरा खोका शेजारी-शेजारी दुपारच्या उन्हात ठेवले, दोन्ही झोपेत. दीड तासाने सेलच्या पृष्ठावर काळ्यात ५१ अंश आणि पांढऱ्यात ४३ अंश सेल्सिअस. लिथियम सेल ४५ च्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण नियम आहे, म्हणून रंगाचा वाद इथेच संपला. पांढरा मळतो ही तक्रार नोंदवून घेतली.

ट्रॅक्टरवरून चार्जिंग मात्र पांढऱ्यातही दुपारी थांबत होते. चूक माझी: सेलचे तापमान पाहणारा १० किलोओमचा थर्मिस्टर मी बोर्डावर प्रोसेसरच्या मागे बसवला होता, त्यामुळे तो सेलऐवजी प्रोसेसरचा ताप सांगत होता. दोन तारा काढून तो सेलच्या अंगाला चिकटवला. बॅटरी बदलताना आता एक कनेक्टर अधिक काढावा लागेल.

२३ सप्टेंबर २०२४

किरकोळ निर्णय झपाट्याने झाले: मेमरी २ जीबी, कारण ४ जीबी झोपेत थोडी जास्त वीज घेते आणि नोंदवहीला ती लागत नाही, साठवण बोर्डावर सोल्डर केलेली १६ जीबी, कारण ट्रॅक्टरच्या हादऱ्यांत सुट्या कार्डाची संगत नको.

बॅटरीला थोडा वेळ लागला. ५,५०० चा एक सेल खोक्यात नेमका बसतो आणि स्वस्तही आहे, पण त्याची भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी नाही. चाचणीचे दहा नग हा वेगळा मामला. पुढे विक्री करायची तर टॅब्लेटला आयएस १३२५२ आणि सेलला आयएस १६०४६ खाली सक्तीची नोंदणी लागते, आणि एकेका मॉडेलची तपासणी छोट्या गटाला जड जाते. म्हणून नोंदणी असलेला ५,००० चाच सेल ठेवला आणि उरलेल्या जागेत फोम भरला. वजन ५७४ ग्रॅम, सुट्या भागांचा खर्च १८,९४० रुपये. ९४० रुपयांनी रेघ ओलांडली आहे. ते जवळजवळ सगळे पडद्याची फट भरण्याचे आहेत.

८ ऑक्टोबर २०२४

छाटणी झालेल्या पहिल्या प्लॉटवर दोन नग दिले. मांडवावर पान नाही, ऊन सरळ डोक्यावर, आणि काड्यांच्या डोळ्यांना पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून औषध लावणे) चालू असल्यामुळे प्रत्येकाच्या हातात मोजे. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे मोठे काळे अक्षर उभ्याने वाचता आले. पानाचे छायाचित्र नाही. ते पाहायला काका पाठ सूर्याकडे करून अंगाची सावली पडद्यावर घेत होते. दिवसात १७ नोंदी झाल्या, त्यांतल्या १४ फक्त कळांनी. संध्याकाळी बॅटरी एका नगात ६४ टक्के आणि दुसऱ्यात ५९ टक्के होती.

दुसऱ्याचा वापर जास्त का, ते रात्रीच्या नोंदींत सापडले: ट्रॅक्टरच्या खोक्यात पडलेला असताना त्याची ‘होय’ ही कळ पान्याखाली दाबली जाऊन तो एकतीस वेळा जागा झाला होता. सहकारी कळांभोवती कड उचलायची म्हणतात, बाई म्हणतात की दोन कळा एकत्र दाबल्याशिवाय जागे होऊ नये. मोज्यातल्या एका हाताने दोन कळा दाबता येतात का, ते उद्या सकाळी बागेत पाहायचे आहे.